रक्त तपासले, पण निकाल कोणाच्या हाती? सिकलसेलचा इतिहास आणि आपला नगर जिल्हा

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन जवळ आला की सरकारी दवाखान्यांत फलक लागतात, आशाताई वस्तीवर माहिती देतात, वर्तमानपत्रात चौकट येते. मग एखादा पेशंट विचारतो, "डॉक्टर, हा तर गडचिरोली-नंदुरबारकडचा आजार ना? आपल्या नगरला कुठे असतो?" "आपल्याकडेही असतो" एवढे सांगून विषय मिटवता येतो, पण ते पुरेसे नाही. या आजाराच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. रक्त एकाचे घेतले जाते आणि त्यातून निघालेली माहिती भलत्याच कोणाकडे जाते. ज्याचे रक्त त्याच्याच हाती ती वेळेवर आणि त्याला समजेल अशा रूपात पोहोचली, तिथे मुले वाचली. नगर जिल्ह्यात आपले घोडे नेमके इथेच अडले आहे, म्हणून आज औषधांपेक्षा इतिहास जास्त सांगणार आहे.

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दातांचा डॉक्टर व्हायला आला होता. खोकला, ताप, धाप, अशक्तपणा आणि पायांवर जुन्या जखमांचे व्रण. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला. तांबड्या पेशी गोल, मध्ये खोलगट असतात. इथे त्यांतल्या बऱ्याच लांबट, टोकदार, वाकलेल्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी त्या पेशींना विळ्याची उपमा देऊन १९१० मध्ये हा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. 'सिकलसेल अ‍ॅनिमिया' हे नाव पुढे १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी दिले.

हेरिक यांच्या लेखात नोएलचे नाव नाही. रुग्णाचे नाव न छापण्याची पद्धत योग्यच आहे, पण परिणाम असा झाला की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हेरिक राहिले आणि नोएल कोण हे १९८९ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी दोन संशोधकांनी जुने कागद चाळून त्याचा माग काढला. तो शिक्षण पूर्ण करून ग्रेनाडाला परतला होता, तिथे दवाखाना चालवत होता आणि १९१६ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग किती महागात पडतो हे नीट कळून त्यावर उपाय सापडायला आणखी सत्तर वर्षे जायची होती.

आता या पेशी वाकड्या का होतात ते पाहू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून ऑक्सिजन घेते आणि शरीरभर पोहोचवते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असते, तिथे सिकलसेलमध्ये व्हॅलिन येते. १४६ मण्यांच्या माळेतला एक मणी बदलला, इतकाच फरक; तो व्हर्नन इंग्राम यांनी १९५० च्या दशकात दाखवला. या बदललेल्या हिमोग्लोबिनने, म्हणजे हिमोग्लोबिन एसने, ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या बनतात. काड्यांमुळे पेशी ताठर आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. सिकलसेलची ती प्रसिद्ध, रडवणारी दुखणी यातून येतात. शिवाय नेहमीची तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर.

आई आणि वडील दोघांकडून हा दोष आला तरच आजार होतो. त्याला आपण 'एसएस' म्हणतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला आजार नसतो. तो शेती करतो, पोलीस भरतीला पळतो, बाळंतपणे नीट होतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या इतिहासातला बराचसा घोळ या एका गोष्टीच्या गैरसमजातून झालेला आहे.

भारतात सिकलसेल सापडल्याच्या पहिल्या नोंदी १९५२ च्या आहेत, त्याही देशाच्या दोन टोकांना. हर्मन लेमन आणि मेरी कटबुश यांनी नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो दाखवला. त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांनी अप्पर आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत तो नोंदवला. हे मजूर मूळचे आसामचे नव्हेत. मध्य आणि पूर्व भारतातून त्यांना मळ्यांवर नेले होते. नोएलही परमुलखातच सापडला होता. पोटासाठी किंवा शिक्षणासाठी घर सोडलेल्या माणसांत हा आजार पहिल्यांदा दिसावा, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. त्याकडे शेवटी परत येऊ.

महाराष्ट्राचे नाव आले ते १९५८ मध्ये. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे विदर्भातल्या पाहण्यांतून स्पष्ट झाले की हा केवळ आदिवासींचा आजार नाही. तिथे अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही तो चांगलाच आढळतो. "आम्ही आदिवासी नाही, आम्हाला तपासणी कशाला?" असे आजही कोणी म्हणते तेव्हा ही जुनी माहिती सांगावी लागते.

त्या काळच्या अभ्यासांचा भर होता तो कोणत्या जमातीत किती टक्के, ही जमात मूळची कुठली, तिचा आफ्रिकेशी काही संबंध आहे का, यावर. त्याचे शास्त्रीय मोल मी नाकारत नाही. मलेरियाचा संबंध अशाच अभ्यासांतून उलगडला. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवले की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, त्या सातपुड्यात, गडचिरोलीच्या जंगलात, ओडिशात हा दोष टिकून राहिला. रक्ताच्या दोषाचा आणि मलेरियाचा असा संबंध असावा, हा तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी त्याआधी थॅलेसेमियाबाबत मांडला होता. तेच हाल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला, म्हणजे सिकलसेलच्या पट्ट्यातच, वारले. पण हे सगळे ज्ञान साचत असताना वस्तीवरच्या आईला तिचे मूल सारखे का रडते, त्याचे हातपाय का सुजतात, हे सांगणारे कोणी नव्हते. टक्केवारी नियतकालिकात गेली, निकाल घरी गेला नाही.

मग निकाल घरी जाऊ लागले आणि वेगळीच अडचण उभी राहिली.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने साधे हिमोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन एस वेगळे करून दाखवले. एखादा आजार रेणूतल्या बदलामुळे होतो हे असे पहिल्यांदाच सिद्ध झाले. आपण आजही 'इलेक्ट्रोफोरेसिस' करतो ती याच पद्धतीची पुढची पायरी. पण याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये सुचवले की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायच्या आधीच सावध होतील. आपल्याकडे कपाळावरचे गोंदण हा आदिवासी बाईचा दागिना आहे. पॉलिंग यांच्या मनात होता तो शिक्का. दोन नोबेल मिळवलेला माणूस असा विचार करू शकतो, यावरून या विषयात सावधपणा किती हवा ते समजते.

अमेरिकेत कपाळे कोणी गोंदवली नाहीत, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. १९७२ मध्ये राष्ट्रीय कायदाही आला. त्यात तपासणी ऐच्छिक ठेवण्याचा शहाणपणा होता. मधल्या काळात वाहक आणि रुग्ण यांत फरक न कळल्याने धडधाकट लोकांच्या नोकऱ्या आणि विमे अडले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावाची गोष्ट तर प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला शिकवावी अशी आहे. तिथे साधारण दर चार माणसांत एक वाहक. १९६० च्या दशकात गावाची तपासणी झाली, लोकांना समजावून सांगितले गेले, लग्नाआधी निकाल पाहा असा सल्ला मिळाला. काही वर्षांनी जॉर्ज स्टामाटोयानोपुलोस आणि त्यांचे सहकारी पुन्हा गेले तेव्हा दिसले की वाहक-वाहक लग्ने घटलेली नाहीत. योगायोगाने जितकी व्हायची तितकीच झाली होती. कारण वाहक असणे हा कलंक ठरला होता आणि लोक निकाल लपवत होते. जागृती झाली, पण तिच्या पोटी भीती आली.

आपल्याकडे "कुंडलीपेक्षा रक्त जुळवा" या अर्थाच्या घोषणा भिंतींवर असतात. त्यामागचा हेतू चांगला आहे. फक्त ही घोषणा लग्नाच्या बैठकीत पोहोचते तेव्हा बहुतेक वेळा मुलीचाच रिपोर्ट मागितला जातो. मुलगा न तपासताच 'निरोगी' असतो! मुलगी एएस निघाली की बोलणी थांबतात आणि गावात चर्चा सुरू होते. वास्तविक मुलगा एए असेल, म्हणजे त्याच्या रक्तात हा दोष नसेल आणि थॅलेसेमियाही नसेल, तर या जोडप्याला सिकलसेलचे मूल होणारच नाही. फार तर निम्मी मुले आईसारखी वाहक निघतील. असे मोडलेले सोयरसंबंध मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या घरातल्या धाकट्या बहिणी तपासणीला येत नाहीत, हा त्याचा दुसरा तोटा.

मग माहिती कोणत्या रूपात द्यावी? याचे मला आवडलेले उत्तर जमैकाचे आहे. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली हॉस्पिटलमध्ये १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांचे रक्त तपासले गेले आणि त्यांतल्या सिकलसेलच्या बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवले गेले. हे काम ग्रॅहॅम सर्जंट यांचे. लहान वयात मुले कशाने जातात हे त्यातून कळले. एक कारण म्हणजे पाणथरी, म्हणजे प्लीहा, अचानक फुगते, शरीरातले रक्त तिच्यात अडकते आणि काही तासांत मूल पांढरे पडून दगावते. यावर त्यांनी काय केले? आयांना बाळाच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवले. वाढलेली लागली की लगेच दवाखाना. या एका गोष्टीने अशा मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. त्याला यंत्र लागत नाही, शाळेचे शिक्षण लागत नाही. ही युक्ती आपल्या वस्तीवर सहज शिकवता येईल, पण फलकांवर मला ती क्वचितच दिसते.

दुसरी मोठी पायरी १९८६ ची. अमेरिकेतल्या एका चाचणीत लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिले, तर न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण औषध न मिळणाऱ्या मुलांना तसेच ठेवणे योग्य नव्हते. तिसरी पायरी हायड्रॉक्सीयुरिया या गोळीची. १९९५ च्या चाचणीत तिने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी, ठरावीक मात्रेतही ही गोळी आपल्या मुलांना उपयोगी पडते हे दाखवले. खर्चाच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे पुस्तकांत असायचे. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, त्याचा फायदा होतो हे खरे. पण विदर्भातल्या मुलांचे हाल ज्यांनी पाहिले ते 'सौम्य' हा शब्द जपून वापरतात.

महाराष्ट्रात हा विषय लोकांपर्यंत नेणाऱ्यांत दोन नावे घेतलीच पाहिजेत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरच्या आदिवासी जमातींत तपासण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान अशा जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते, हे चित्र बव्हंशी त्यांच्या कामातून उभे राहिले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरे नागपूरचे संपत रामटेके. ते डॉक्टर नव्हते. स्वतःच्या मुलाच्या आजारामुळे या कामात पडले, रुग्णांच्या पालकांना एकत्र आणले आणि सवलतींसाठी सरकारदरबारी खेटे घातले. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो अशा अनेकांच्या रेट्यामुळे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

आता नगर जिल्हा. (नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जुने पेशंट आणि मी अजून नगरच म्हणतो.) आदिवासी भाग म्हटले की आपल्याला अकोले तालुका आठवतो, राजूरचा आदिवासी विकास प्रकल्प आठवतो. अकोल्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांत सिकलसेलचे प्रमाण भिल्ल-पावरांच्या मानाने कमी आहे. भिल्ल समाज मात्र राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा बागायती पट्ट्यात गावाच्या कडेला, पाटाच्या बाजूला पाच-पंचवीस घरांच्या वस्त्यांनी विखुरलेला आहे. 'आदिवासी भाग' म्हणून नकाशात रंगवलेल्या क्षेत्राच्या तो बाहेर राहतो. म्हणजे जिथे मोहीम जाते तिथे आजार तुलनेने कमी, आणि जिथे असण्याची शक्यता जास्त तिथे मोहीम नीट पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मराठवाड्यातून, खानदेशातून कोयते येतात. या धंद्यात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, दिवसभर वाकून काम, पाणी कमी. बायका तर आडोसा नसल्याने मुद्दामच पाणी पीत नाहीत. थंडी, अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे आणि ताप ही सिकलसेलचा झटका आणणारी ठरलेली कारणे आहेत, आणि फडात ती सगळी एकत्र येतात. दुखले म्हणून बसले तर खाडा पडतो, उचल फिटत नाही, म्हणून वेदनाशामक इंजेक्शन घेऊन माणूस परत फडात जातो. असा तरुण आमच्यासारख्यांकडे येतो तेव्हा त्याच्यावर 'आमवात' किंवा 'कावीळ' असा शिक्का आधीच बसलेला असतो. गावी तपासणी झालेली असली तरी कार्ड पेटीत, पेटी घरी. आसामच्या चहामळ्यांची आठवण मला होते ती इथे.

ज्यांना प्रत्यक्ष काय करायचे ते हवे आहे त्यांच्यासाठी थोडे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात; हिमोग्लोबिन एस असेल तर द्रावण गढूळ होते आणि मागच्या रेषा दिसत नाहीत. ही टेस्ट फक्त 'एस आहे की नाही' एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटीवर विसंबू नये. जोडीदाराचीही एचपीएलसीच करावी, कारण एक वाहक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा असेल तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि थॅलेसेमिया सोल्युबिलिटीत दिसत नाही.

दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजारी मुलाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण निरोगी मुलाची. "पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली" हा हिशेब चूक आहे. नाणे दर वेळी नव्याने उडते. अशा जोडप्याने लग्न करूच नये असे मी सांगत नाही. लग्न झालेले असेल तर दिवस राहिल्याबरोबर यावे, कारण गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होऊ शकते. आपल्याकडे गरोदर बाईचे रक्त बऱ्याचदा पाचव्या महिन्यात तपासले जाते आणि नवऱ्याला त्यानंतर बोलावले जाते. तोवर निर्णयाची वेळ जवळपास निघून गेलेली असते.

मूल एसएस असेल तर पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, न्यूमोकोकसची लस, भरपूर पाणी आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया. आणि आईच्या हाताला पाणथरीची ओळख. हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या तपासल्याशिवाय महिनोन् महिने देऊ नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढरेफटक पडणे किंवा हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर ढकलू नये.

आणि हंगामाला निघताना कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा, नवऱ्याचाही आणि बायकोचाही. मुकादमाला तो दाखवण्याची गरज नाही, डॉक्टरला मात्र पहिल्याच भेटीत दाखवावा. कारखान्याच्या परिसरात दवाखाना चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांना एवढेच सांगतो की तरुण मजुरात वारंवारची हाडेदुखी, पिवळसर डोळे आणि सात-आठ हिमोग्लोबिन ही तीन एकत्र दिसली, तर इंजेक्शनच्या चिठ्ठीवरच सोल्युबिलिटी लिहा. तिचा निकाल पेशंट बाकावर बसलेला असतानाच मिळतो.